जड ट्रान्सफॉर्मर पेटीत पुन्हा पुन्हा सैल पडतो: कारण ओळखणे आणि पक्की दुरुस्ती

पत्र्याच्या पेटीत बसवलेला ट्रान्सफॉर्मर हलू लागतो. नट आवळले की काही दिवस शांत राहतो, मग पुन्हा खडखड किंवा गुणगुण सुरू होते. स्टॅबिलायझर, यूपीएस, बॅटरी चार्जर, ॲम्प्लिफायर, कंट्रोल पॅनेल, कुठेही हीच तक्रार येते. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे भोक मोठे करून एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टाच्या जागी एम८ (८ मिमीचा) घालणे. तो घातल्यावरही तक्रार परत येते, कारण बोल्टाची ताकद मुळात कमी पडलेलीच नसते.

हिशेब करून बघा. ट्रान्सफॉर्मर १२ किलोचा आहे. वाहतुकीत पेटी आपटली आणि त्याला गुरुत्वाच्या दहापट धक्का बसला, तर एकूण जोर १२० किलोचा. धक्का बाजूने आला, ट्रान्सफॉर्मरचा गुरुत्वमध्य तळापासून ६० मिमी वर असला आणि बोल्टांच्या दोन ओळींत ८० मिमी अंतर असले, तर एका बाजूचे दोन बोल्ट मिळून सुमारे ९० किलोने उपसले जातात. म्हणजे एका बोल्टाच्या वाट्याला ४५ किलो. बाजारात मिळणारा साधा ४.८ दर्जाचा एम६ बोल्ट कायमचा न ताणता ६०० किलोच्या आसपास जोर सोसतो. म्हणून अशा पेटीत बोल्ट तुटलेला क्वचितच दिसतो. वाकतो तो पत्रा, दबतो तो रंग किंवा रबर, आणि निघून जातो तो बोल्टातला ताण. दुरुस्ती तिथेच करायला हवी.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढा. आत मोठे कपॅसिटर असतील तर ते डिस्चार्ज करा आणि हात घालण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून खात्री करा. बॅटरीवरच्या यंत्रात बॅटरीची वायरही सोडवावी लागते. नुसता मेन बंद करून भागत नाही.

पहिली पायरी: नट फिरला का, हे ठरवा

सैल पडण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. एकात नट खरोखरच उलटा फिरतो. दुसऱ्यात नट जागचा हलत नाही, पण त्याखालचा थर दबल्यामुळे पकड जाते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून अंदाजाने काम करू नका.

सगळे बोल्ट नीट आवळा आणि प्रत्येक नटावर ऑइल पेंटने किंवा पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. ती बोल्टाच्या टोकावरून नटावर, नटावरून वॉशरवर आणि वॉशरवरून ट्रान्सफॉर्मरच्या पायावर सलग उतरली पाहिजे. नेलपॉलिशही चालते. नंतर यंत्र नेहमीसारखे वापरा. पुन्हा सैल वाटले की पेटी उघडून आधी रेघ बघा. रेघ सलग असूनही नट हाताने फिरत असेल, तर पकडीतला थर दबला आहे. रेघ तुटून नट पुढे सरकला असेल, तर तो फिरला आहे. नट, वॉशर आणि बोल्ट तिघेही एकमेकांशी जुळलेले आहेत पण पायावरची रेघ सरकली आहे, असेही कधी दिसते. तेव्हा ट्रान्सफॉर्मरच पत्र्यावर सरकतो आहे असे समजा.

पेटी उघडलीच आहे तर आणखी काही खुणा बघून घ्या. वॉशरभोवती काळी किंवा तांबूस भुकटी असेल तर तिथे धातूवर धातू घासला जातो आहे. पायाच्या कोपऱ्याशी रंगाला ताऱ्यासारख्या भेगा असतील तर पत्रा वाकतो आहे. वॉशर बशीसारखा खोल गेला असेल तर भोक मोठे आहे किंवा वॉशर पातळ आहे. टोरॉइडचे, म्हणजे गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरचे, रबर कडेने फुगून बाहेर आले असेल तर गरजेपेक्षा जास्त आवळले आहे.

रेघ जागेवर, तरी बोल्ट सैल

हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो.

बोल्ट आवळणे म्हणजे त्याला किंचित ताणणे. तो आखडायला बघतो, त्यातून पकड तयार होते. हा ताण किती बारीक असतो ते पाहा. ट्रान्सफॉर्मरचा पाय ३ मिमी आणि पत्रा १.२ मिमी, म्हणजे पकडीची जाडी ४.२ मिमी. एम६ बोल्ट ५ न्यूटन-मीटरने आवळला तर त्यात सुमारे २०० मेगापास्कल ताण येतो. या ताणाने तेवढ्या लांबीत बोल्ट जेमतेम ४ मायक्रॉन लांबतो. डोक्याचा आणि नटाचा भाग हिशेबात धरला तरी आकडा ८-१० मायक्रॉनच्या पुढे जात नाही.

आता पत्र्यावरचा पावडर कोटिंगचा थर बघा. तो ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना असतो. ट्रान्सफॉर्मरच्या पायावर वार्निशचे ओघळ असतात ते वेगळेच. ट्रान्सफॉर्मर गरम झाला की वॉशरखालचा हा थर हळूहळू दबतो आणि कडेला सरकतो. तो १० मायक्रॉन दबला तरी बोल्टातला सगळा ताण संपतो. नट तसूभरही फिरत नाही, रेघ तशीच राहते आणि ट्रान्सफॉर्मर मोकळा होतो. अशा जागी नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) लावा, थ्रेड लॉक (आटे चिकटवणारे द्रव) लावा किंवा दोन नट लावा, उपयोग होत नाही. ही सगळी साधने नटाला फिरू देत नाहीत, आणि इथे नट फिरलेलाच नसतो.

दुरुस्ती अशी करा. बोल्ट काढा. भोकाभोवतीचा रंग पत्र्याच्या वरून आणि खालून, वॉशरपेक्षा २ मिमी मोठ्या वर्तुळात खरवडून चकचकीत धातू उघडा करा. पायाखालचे वार्निशही काढा. भोकाच्या कडेला ड्रिलची बर, म्हणजे धातूची उठलेली धार, राहिली असेल तर मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून काढा. बर तशीच राहिली तर आवळताना उभी राहते आणि नंतर चेपते, म्हणजे रंगासारखाच प्रकार होतो.

वॉशर रुंद आणि जाड वापरा. एम६ साठी १८ मिमी व्यासाचा १.६ मिमी जाड आणि एम८ साठी २४ मिमी व्यासाचा २ मिमी जाड वॉशर मिळतो. भोके एम६ साठी ६.६ मिमी, एम८ साठी ९ मिमी आणि एम१० साठी ११ मिमी पुरेत. जुने भोक त्याहून मोठे झाले असेल तर नुसते वॉशर वाढवू नका. खाली सांगितलेला पॅच (३ मिमीची प्लेट) लावून त्यात नवे भोक पाडा.

यापुढचा उपाय सहसा केला जात नाही, पण खरी पकड त्यातूनच टिकते. बोल्टाची पकडीतली लांबी वाढवा. आतल्या बाजूने पायावर वॉशर ठेवा. त्यावर ६.५ मिमी आतला व्यास आणि १२ मिमी बाहेरचा व्यास असलेला, २५ मिमी लांबीचा लोखंडी नळीचा तुकडा ठेवा. त्यावर पुन्हा वॉशर आणि मग नट. तुकड्याची दोन्ही टोके काटकोनात सपाट कापलेली हवीत. बोल्ट खालून वर घाला. पॅच धरून साधारण ५० मिमी लांबीचा लागेल. आता तोच ५ न्यूटन-मीटर टॉर्क बोल्टाला ३० मायक्रॉनपेक्षा जास्त ताणतो. पुढे ५ मायक्रॉन बसले-दबले तरी बहुतेक पकड शिल्लक राहते. बोल्टाचे वर आलेले टोक कुठल्याही टर्मिनलच्या किंवा वायरच्या जवळ जात नाही ना, हे आधी मोजून घ्या. नळीला जागा नसेल तर शंकूच्या आकाराचे डिस्क स्प्रिंग वॉशर लावा. ते जोर टिकवूनही काही दशांश मिमी हलू शकतात. एका बोल्टावर दोन वॉशर समोरासमोर, म्हणजे कडेला कड लागेल असे ठेवले, की हालचाल दुप्पट मिळते.

४.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टांसाठी एम६ ला ५, एम८ ला १२ आणि एम१० ला २४ न्यूटन-मीटर हे आकडे धरून चला. आट्यांना तेल लागले असेल तर त्याच टॉर्कला ताण बराच जास्त येतो, म्हणून तेल पुसून घ्या. पकडीत रबर, फायबर किंवा प्लास्टिक असेल तर हे आकडे लागू नाहीत.

उघड्या धातूच्या कडेला गंज धरू नये म्हणून आवळून झाल्यावर वॉशरभोवती रंगाचा हात मारा. आवळण्याआधी रंग लावला तर सगळी मेहनत वाया जाईल.

रेघ तुटली, नट फिरला

नट फिरतो तो बहुतेक वेळा आडव्या सरकण्यामुळे. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगातून दाखवले की जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की बोल्ट आपोआप उलटा फिरतो. उभ्या धक्क्यांनी तो तितका सुटत नाही. त्यांच्या नावाची चाचणी आजही नट-बोल्ट तपासायला वापरतात. याच चाचणीत साधा फाटका स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. बोल्ट पूर्ण आवळायच्या कितीतरी आधीच तो सपाट होतो आणि मग साध्या वॉशरपेक्षा वेगळे काही करत नाही. जुन्या सवयीने तो सगळीकडे घातलेला दिसतो, पण जड ट्रान्सफॉर्मरसाठी त्याच्यावर विसंबू नका.

सरकणे थांबवायचे असेल तर आधी पाय बघा. ईआय कोरच्या (ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांच्या) ट्रान्सफॉर्मरला पायात लांबट खाचा असतात. त्या बसवायला सोयीच्या असतात, पण आडव्या धक्क्यात ट्रान्सफॉर्मर त्याच दिशेने घसरतो. पायाच्या कडेला टेकतील असे २५ × २५ × ३ मिमी अँगलचे छोटे तुकडे पत्र्याला दोन-दोन बोल्टांनी पक्के करा. चारही बाजूंना जमत नसेल तर निदान खाचेच्या दोन्ही दिशांना हवेतच. आडवा जोर हे अडण सोसते आणि बोल्टाला फक्त दाबून धरायचे काम उरते. एवढे केल्यावर नायलॉक नट लावा. बोल्टाचे किमान दोन आटे नटाबाहेर आले पाहिजेत, नाहीतर नायलॉनचे कडे आट्यांना पूर्ण पकडत नाही. हे नायलॉन साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्याहून गरम जागी संपूर्ण धातूचा लॉक नट घ्या. काढलेला नायलॉक नट बोटांनी सहज फिरत असेल तर तो टाकून द्या.

थ्रेड लॉक वापरायचे असेल तर मध्यम ताकदीचे घ्या. आट्यांवर तेल राहिले तर ते धरत नाही, आणि पूर्ण घट्ट व्हायला त्याला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या भागांवर त्याचा थेंब पडू देऊ नका, प्लास्टिकला बारीक भेगा जातात.

पत्र्यातच आटे पाडून बोल्ट बसवला असेल तर तो बदलावाच लागेल. एम६ च्या आट्याचे अंतर १ मिमी असते. १.२ मिमी पत्र्यात जेमतेम एक आटा धरतो. आवळताना घट्ट लागते आणि पहिल्याच धक्क्याला आटे मरतात. सेल्फ-टॅपिंग स्क्रूची गतही तीच. रिव्हेट नट बरा, पण जड वजनाखाली तोही भोकात फिरू लागतो. तीन किलोच्या वर आरपार बोल्ट आणि मागून नट हाच मार्ग धरा.

पत्रा वाकतो आहे

पेटीच्या तळाखाली आडवी स्टीलची पट्टी धरा आणि ट्रान्सफॉर्मरचा माथा हाताने दाबून मागेपुढे ढकला. पट्टी आणि तळ यांच्यातली फट कमी-जास्त होताना दिसली तर पत्रा लवचिक आहे. वाहतुकीत तोच तळ डबडब वर-खाली होतो आणि प्रत्येक वेळी बोल्टाखालची जागा वाकते.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.२ मिमीचा २ मिमी केला तर ताठपणा साडेचार पटींच्या पुढे जातो, ३ मिमी केला तर पंधरा पटींच्या वर. त्यामुळे पायाखाली ३ मिमीची प्लेट घालणे कामाचे आहे. ही प्लेट पायांच्या बाहेर चारही बाजूंना २५-३० मिमी पसरलेली असू द्या आणि तिला कोपऱ्यांवर स्वतंत्र रिव्हेट किंवा बोल्ट द्या. प्लेट पायांएवढीच ठेवली तर वाकण्याची रेघ फक्त तिच्या कडेला सरकते आणि तिथे पत्रा तडकतो.

दहा किलोच्या वर नुसती प्लेटही कमी पडते. तळाच्या एका बाजूच्या मुडपलेल्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन अँगल किंवा चॅनेल आडवे टाका आणि ट्रान्सफॉर्मर त्यांवर बसवा. मग वजन पत्र्याच्या मधोमध न पडता कडांवर जाते, आणि कडा मुडपलेल्या असल्यामुळे त्याच सर्वांत ताठ असतात. पेटीचे पाय कुठे आहेत तेही बघा. चार कोपऱ्यांत पाय आणि मधे ३०० मिमी पत्रा अधांतरी, अशी रचना नेहमी दिसते. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असेल तर त्याच्या खालीच दोन जादा पाय द्या. पाय बोल्टाच्या डोक्यापेक्षा उंच हवेत: एम६ चे डोके ४ मिमी, वॉशर १.६ मिमी, म्हणून १० मिमीपेक्षा कमी पाय नको. नाहीतर पेटीचे सगळे वजन बोल्टाच्या डोक्यावर टेकते आणि प्रत्येक हालचालीत ते वर ढकलले जाते.

टोरॉइड: एका बोल्टाचा प्रश्न

गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर मधल्या एकाच बोल्टावर बसतो. खाली रबराची चकती, वर रबराची चकती, त्यावर बशीसारखा लोखंडी वॉशर, आणि मधून बोल्ट. बसवायला सोपा, पण त्यात एक गंभीर धोका आहे. तो आधी सांगतो.

हा बोल्ट कोरच्या मधून जातो. त्याचे खालचे टोक पेटीच्या तळाला लागलेले असतेच. वरचे टोक झाकणाला टेकले, तर बोल्ट, तळ, बाजू आणि झाकण मिळून एक बंद कडे होते. ते कोरभोवतीचा एक वेढाच असतो, म्हणजे शॉर्ट झालेली एका वेढ्याची सेकंडरी (वीज बाहेर देणारे वायंडिंग). ५०० व्हीएच्या टोरॉइडमध्ये एका वेढ्याला साधारण अर्धा व्होल्ट असतो. कड्याचा रोध १ मिलिओहम धरला तर ५०० अँपिअर वाहतात आणि २५० वॅट उष्णता होते. खरा धोका इथे आहे: फ्यूज उडेलच असे नाही. प्रायमरीला, म्हणजे वीज घेणाऱ्या वायंडिंगला, हे फक्त २५० वॅटचा जादा भार म्हणून दिसते, आणि ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज तेवढा सहज सोसतो. पेटी तापत राहते, ट्रान्सफॉर्मर जळतो.

म्हणून बोल्ट मोजून कापा. बंद झाकण आणि बोल्टाचे टोक यांत किमान १० मिमी अंतर राहू द्या. झाकण पातळ असेल तर कुणी वर वजन ठेवल्यावर ते किती दबते तेही धरा. जागा कमी असेल तर झाकणाच्या आतून त्या जागी जाड फायबर शीट रिव्हेट करा. चिकटवलेली टेप उष्णतेने सुटते.

‘जादा आधार’ म्हणून टोरॉइडच्या वरून लोखंडी पट्टी आणून तिला मधल्या बोल्टाच्या नटाखाली धरणे आणि पट्टीची टोके पेटीला बोल्ट करणे हा नेमका तोच शॉर्ट वेढा आहे. पट्टी द्यायचीच असेल तर ती मधल्या बोल्टाला कुठेही लागू नये. बोल्टावर इन्सुलेटेड बुश आणि फायबर वॉशर घालून पट्टी वेगळी ठेवा, किंवा पट्टी फक्त बाहेरच्या कडेवरून न्या.

आता सैल पडण्याबद्दल. रबर दबून राहिले की कालांतराने पुन्हा मूळ जाडीला येत नाही, आणि उष्णता हे काम लवकर करते. सैल लागले म्हणून बोल्ट आणखी पिळला तर बशीची कड वायंडिंगमध्ये रुतते. वरचे वेढे बशीच्या सगळ्यांत जवळ असतात आणि त्यांचे इन्सुलेशन तिथेच फुटते. ट्रान्सफॉर्मरसोबत दिलेला टॉर्क असेल तर तोच पाळा. नसेल तर बशी रबराला सगळीकडून टेकल्यावर रबर जरासे दबेल पण कडेने फुगणार नाही, इथे थांबा आणि नायलॉक नट लावा. रबर कडक, तुकतुकीत किंवा चिरलेले असेल तर नवे घाला. निओप्रिनची ३ मिमी चकती चालते. यंत्र फार तापत असेल तर सिलिकॉन रबर घ्या. बशी हरवली म्हणून छोटा सपाट वॉशर घालणे घातक आहे, कारण सगळा जोर आतल्या वेढ्यांवर येतो.

पाच किलोच्या वर शक्यतो मध्यभाग रेझिनने भरलेला टोरॉइड निवडा. तिथे जोर वायंडिंगवर न येता रेझिनमधल्या धातूच्या बुशवर येतो. दोन टोरॉइड एकाच लांब बोल्टावर रचणे टाळा. गुरुत्वमध्य वर जातो.

उभ्या प्लेटवर टोरॉइड बसवला तर त्याला धरते ते फक्त रबराचे घर्षण. पकड कमी झाली की तो खाली घसरतो किंवा फिरतो आणि लीड वायरी ताणल्या जातात. त्याच्या खालच्या कडेला टेकेल असा अँगल द्या, त्यावर ३ मिमी रबराची पट्टी चिकटवा, आणि वायरींना थोडी ढील ठेवून जवळच टायने बांधा. खरे तर जड ट्रान्सफॉर्मर पॅनेलच्या तळालाच हवा.

आवाज जात नाही

५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झने गुणगुणतो, ६० हर्ट्झवर १२० ने. आवाज कोरचा आहे की पेटीचा, हे आधी ठरवा. यंत्र चालू असताना बाहेरून झाकण आणि बाजू तळहाताने दाबून बघा. आवाज बदलला तर पत्रा थरथरतो आहे. झाकण आणि ट्रान्सफॉर्मर यांतले अंतर वाढवा किंवा झाकणाला आतून आडवी पट्टी द्या. काहीच फरक पडला नाही आणि टोरॉइड कधी शांत, कधी मोठ्याने घुमतो, तर बांधणीत दोष शोधू नका. त्याच लाइनवर अर्ध्या लहरीवर चालणारे उपकरण, उदाहरणार्थ कमी वेगावरचा हेअर ड्रायर, लागले की पुरवठ्यात थोडा डीसी येतो आणि टोरॉइड संपृक्त होऊन घुमतो. त्यासाठी डीसी ब्लॉकर लागतो.

ईआय कोरमध्ये पट्ट्याच सैल असतील तर कोरचे चार बोल्ट आवळावे लागतात. ते एका वेळी एकच सोडा. चारही एकदम काढले तर पट्ट्यांची थप्पी उघडते आणि पुन्हा तशी बसत नाही. बोल्टांवर इन्सुलेशनची नळी आणि फायबर वॉशर असतील तर नव्या बोल्टावरही तेच घाला.

रबरावर ट्रान्सफॉर्मर बसवूनही आवाज पेटीत येतो, याचे कारण बहुतेक वेळा बोल्टच असतो. रबर पॅडच्या मधून जाणारा लोखंडी बोल्ट पाय आणि पत्रा यांना थेट जोडतो. बोल्टाभोवती रबरी ग्रोमेट आणि त्यात धातूची नळी हवी. नट नळीवर आवळला जातो, रबराला ठरावीकच दाब मिळतो आणि पाय धातूला कुठेही लागत नाही. रबर किती मऊ हवे याचा सोपा हिशेब आहे: वजनाने रबर किती मिमी दबते त्याचे वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. येतो तो आकडा बांधणीची नैसर्गिक वारंवारता हर्ट्झमध्ये. १०० हर्ट्झची कंपने साधारण आठव्या हिश्श्यावर आणायची तर ही वारंवारता ३३ च्या आसपास हवी, म्हणजे रबर पाव मिमी तरी दबले पाहिजे. कडक पातळ पॅड तेवढे दबत नाही, आणि मग तो असून नसल्यासारखा.

रबरावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर पेटीपासून विजेच्या दृष्टीनेही वेगळा होतो. त्याच्या कोरला किंवा फ्रेमला वेणीसारख्या लवचिक वायरने स्वतंत्र अर्थिंग द्यायलाच हवे. हे राहिले आणि प्रायमरीचे इन्सुलेशन फुटले, तर कोर जिवंत होतो आणि फ्यूज उडत नाही. अर्थिंगसाठी वेगळा स्टड ठेवा. ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या बोल्टावरच अर्थची वायर अडकवली तर तो सैल पडताच अर्थिंगही जाते. शिवाय रबरी बांधणीचे यंत्र वाहतुकीला पाठवताना ट्रान्सफॉर्मरच्या चारही बाजूंना लाकडी ठोकळे घाला आणि चालू करण्याआधी काढायची सूचना झाकणावर चिकटवा.

प्लास्टिकच्या पेटीत जड ट्रान्सफॉर्मर थेट बसवू नका. सततच्या दाबाखाली आणि उष्णतेत प्लास्टिक हळूहळू वाहते, म्हणजे रंगाच्या थराचाच प्रकार कित्येक पट मोठा होतो. आत तळभर धातूची प्लेट घाला, बोल्ट पेटीच्या पायांतून आरपार न्या आणि त्या प्लेटला अर्थिंग द्या.

बंद करण्याआधी

अर्थ पिन आणि कोर यांतला रोध ०.१ ओहमपेक्षा कमी हवा. मग ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या वायरी सर्किटपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रायमरी आणि कोर यांतला रोध मोजा. चांगल्या कोरड्या ट्रान्सफॉर्मरला तो कित्येक मेगाओहम येतो. एक मेगाओहमच्या खाली असेल तर चालू करू नका.

पहिल्यांदा वीज देताना प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. सेकंडरी मोकळी ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट वेढा आहे. टोरॉइड असेल तर हीच चाचणी आधी झाकण काढून आणि मग सगळे स्क्रू लावून, झाकण बंद करून पुन्हा करा. झाकण लावल्यावरच बल्ब पेटत असेल तर बोल्ट झाकणाला लागतो आहे.

सगळे ठीक असेल तर यंत्र पूर्ण लोडवर दोन-तीन तास चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि धातूवर धातू बसलेले बोल्ट त्याच टॉर्कने पुन्हा एकदा तपासा. रंग, वार्निश आणि बारीक खडबडीतपणा यांचे बरेचसे बसणे या पहिल्या गरम-थंड फेरीत होऊन जाते. रेघ ओढायची ती यानंतर, आणि पुढच्या वेळी पेटी उघडली की पाना हातात घेण्याआधी ती बघायची.